घड्याळांची पिशवी

आमच्या शर्यतीत पहिला येणारा जिंकत नाही.
नव्या माणसाला हे दर वेळी सांगावं लागतं
आणि दर वेळी तो विचारतो, मग धावायचं कशाला?
मी त्याच्या हातात चिठ्ठी ठेवते.
लिही, किती मिनिटांत परत येशील.
मनगटावरचं काढ, खिशातला फोन काढ,
टाक या पिशवीत.

महिन्याचा दुसरा रविवार, वेताळ टेकडी,
देवळापासून निघून खाणीला वळसा,
पाषाणच्या अंगाने उतार, पुन्हा चढ.
लिहिलेल्या वेळेच्या सगळ्यात जवळ येईल तो विजेता.
बक्षीस: दोन वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ.
महिनाभर दिवाणखान्यात लावायचं,
पाहुण्यांनी विचारलं तर दुरुस्तीला देतोय म्हणायचं नाही.

मी धावत नाही. घोटा दोनदा मोडलाय.
पारावर बसते, शाळेच्या भंगारातून आणलेला स्टॉपवॉच गळ्यात,
आणि मांडीवर अकरा जणांची टिकटिक.

खरी मजा शेवटच्या शंभर पावलांत.
लवकर आलेले एकदम सभ्य होतात.
रुबेन रोहेकर बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधतो.
सुलक्षणा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत
अक्षतांच्या वेळच्या नवरीसारखी पावलं टाकते.
अल्ताफ आणि त्याचा मेहुणा एकमेकांना म्हणतात,
आधी आपण, नाही नाही, आधी आपण.
सकाळी फिरायला आलेले आजोबा थांबून बघतात
आणि काही न बोलता पुढे जातात.

कुंजीर कधीच जिंकले नाहीत.
पाणीपुरवठ्यात बावीस वर्षं,
कुठल्या पेठेचा व्हॉल्व्ह किती वाजता फिरवायचा
हे झोपेतही सांगतील;
स्वतःचे गुडघे मात्र दर वेळी चार मिनिटांनी चुकतात.

तर त्या रविवारी काय झालं,
एकोणचाळीस मिनिटं होत आली
आणि पिशवी किंचाळायला लागली.
उपसून बघितलं. कुंजीरांचं घड्याळ.
गजर लावलेला, सात वाजून नऊ.
त्यांची चिठ्ठी काढली: एक्केचाळीस.
म्हणजे शेवटच्या वळणाआड दबा धरायचा,
गजर ऐकू आला की दोन मिनिटं मोजून यायचं!

नियमांत गजराबद्दल एक अक्षर नव्हतं,
आणि नियम माझेच होते.
पण देवळात काकू डोळे मिटून बसलेल्या,
त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं
आणि मी बटण दाबलं.
बहुधा वारा उलटा होता. बहुधा मोर ओरडत होते.
कुंजीरांना काही ऐकू गेलं नसणार.

सगळे आले. चिठ्ठ्या उघडल्या.
डब्यातली उकड संपली, तळाची खरवडून झाली.
कुंजीर नाहीत.

काठी टेकत वळणापर्यंत गेले मीच.
ग्लिरिसिडियाखाली दगडावर बसले होते,
पाय पसरून, खाली शहराकडे तोंड.
मला बघून दचकले नाहीत.
म्हणाले, ती बघा एसएनडीटीची टाकी,
भरतीय आता. इथून आवाज येत नाही,
पण भरतीय.
मग बराच वेळ टाकीकडेच बघत राहिलो दोघं.
एक तास तेवीस मिनिटं, मी वहीत लिहिलं.
गजराचं मी काढलं नाही. त्यांनीही नाही.
अजूनही नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी घड्याळ आणलंच नाही.
मनगटावर पांढरा पट्टा तेवढा.
चिठ्ठीवर लिहिलं होतं: बघू.

यावर पाऊण तास भांडण झालं.
रुबेन म्हणाला, ही वेळ नाही.
सुलक्षणा म्हणाली, माझ्या सासरी हीच वेळ असते.
निकाल माझ्यावर आला.
मी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली,
स्टॉपवॉचकडे पाहिलं,
आणि दोन वाजून दहा मिनिटं
कुंजीरांच्या हवाली केली.
चूक शून्य.